आमच्या खारेपाटातली शेती नेमकी कुणी घालवली?

खारा_वारा

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. अलिबाग तालुका, पोयनाडच्या खालच्या अंगाला, धरमतर खाडीच्या काठचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. चुलत्यांचा आणि आमचा वाटणीचा वाद अजून मिटलेला नाही, उगाच आगीत तेल नको.

मागच्या दारी न्हाणीजवळ एक जाडजूड सागवानी फळी आडवी पडली होती. आत्या तिच्यावर कपडे आपटत होती. वरच्या दोन्ही टोकांना भोकं, खालची कड झिजून विळ्यासारखी झालेली. मी विचारलं ही कसली? ती म्हणाली, "अरे, आपल्या खाराची उघाडी ती. तुझ्या आज्यानं बसवलेली." तेव्हापासून ती फळी डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

खारेपाट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खाडीच्या कडेची दलदल मातीचा बांध घालून समुद्राकडून सोडवून घ्यायची, आणि दोनतीन पावसाळे गोड्या पाण्यानं धुऊन मीठ उतरलं की भात लावायचा. अशी बांधलेली जमीन म्हणजे खार. ही जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असते. म्हणजे तुम्ही शेतात उभे असता आणि बांधापलीकडे खाडी तुमच्या छातीच्या उंचीनं भरलेली असते. लहानपणी याचं काही वाटायचं नाही. आता विचार केला की पोटात गोळा येतो. समुद्राकडच्या या मोठ्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात. त्यात ठरावीक जागी उघाडी, म्हणजे वरून टांगलेलं लाकडी दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ते दार ढकलून खाडीत जातं, भरतीला खाडीच ते दाबून बंद करते. ना मोटर, ना वीज. पण दाराच्या बुडाशी एक ओंडका जरी अडकला तरी रात्रीतून सगळा खार खारट. म्हणून उघाडीवर माणूस लागतो, दर भरतीला.

आजोबा पुनव-अवसेच्या उधाणाला रात्री कंदील घेऊन बांधावर जायचे. मी सातआठ वर्षांचा असताना एकदा मागे लागून गेलो. ते पलीकडे खाडीकडे बघतच नव्हते, बांधाच्या आतल्या पायथ्याशी वाकून बघत चालले होते. एका जागी पाणी झिरपत होतं. त्यांनी ओंजळीत घेऊन कंदिलासमोर धरलं, टाकून दिलं आणि पुढे निघाले. म्हटलं बुजवायचं नाही का? म्हणाले, "नितळ आहे. नितळ पाणी येतं तोवर बांध नुसता घामेजलाय. गढूळ आलं की समजायचं आतली माती खातंय." पुढे शंभरेक पावलांवर गढूळ आलं. चिंबोरीचं बीळ. त्यांनी कुकारा दिला आणि वाडीतून पाचसहा जण पळत आले. पेंढा आणि चिखल कालवून बिळात कोंबला, वर टाचेनं चेचला, पुन्हा चिखल, पुन्हा टाच. चिंबोरी तेवढी माझ्या हातात आली, सकाळी तिचं कालवण झालं.

या सामाईक कामाला आमच्याकडे जोळ म्हणत. खारात ज्याची जमीन त्यानं जमिनीच्या मानानं माणसं द्यायची. खांड गेली, म्हणजे बांध फुटला, तर घरात लग्न असो की मयत, एक माणूस बांधावर.

त्या काळात गाव भरलेलं होतं. पीक एकच, भाताचं, पण वर्षाला पुरून उरायचं. ओटीवर दोन कणग्या, खळ्यावर उडव्या, पोयनाडच्या गिरणीत बैलगाड्यांची रांग. भात निघालं की तळ्यांतले जिताडे, करंदी, निवट्या. पैसा कमी होता पण विकत आणायचं म्हणजे तेल, मीठ (हो, खारेपाटात मीठ विकत!) आणि कापड.

आज आमच्या खारात भाताची एक लोंबी नाही. बांध तीन जागी फुटलेला आहे. चुलत्यांच्या तुकड्यात पुरुषभर उंचीची तिवरं (खाऱ्या पाण्यातली कांदळवनाची झाडं) उभी आहेत, आणि सातबाऱ्यावर अजून 'भात' लिहिलेलं आहे.

गावात विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कुणी म्हणतं कारखान्यांनी पोरं नेली, कुणी म्हणतं खाडीतल्या मोठ्या बार्जच्या लाटांनी बांध खाल्ला, कुणी म्हणतं समुद्रच वर आला. माझं मत असं की बांध सरकारचा झाला त्या दिवशी शेती गेली. आधी बांध फुटला तर गाव पळायचं, मग अर्ज पळायला लागला. आम्हीही एकदा एका कार्यालयात अर्ज दिला होता. पाहणी झाली त्या वेळी आम्ही तिवरांमधून वाट काढत साहेबांना बांध दाखवत होतो.

तुमचं काय मत? खारेपाटातल्या आयडींनी जरूर लिहा.

सायली_ठाणे

उघाडीचं वर्णन वाचून थक्क झाले. दर विकेंडला अलिबागला जाताना वडखळ-पोयनाड रस्त्यावरून ही सपाट ओसाड जमीन बघते आणि 'किती मोकळं छान आहे' असं म्हणत पुढे जाते. ती शेतं होती हे आज कळलं. वाचनखूण साठवली आहे.

कूळकथा

लेख आवडला, पण 'बांध सरकारचा झाला आणि शेती गेली' हे फार सोपं उत्तर आहे. त्याआधी बांध गावाचा होता असं तुम्ही धरून चाललाय. तो गावाचा नव्हताच.

जुन्या कुलाबा जिल्ह्यात, विशेषतः अलिबाग आणि पेण भागात, शिलोत्री नावाची पद्धत होती. ज्यानं पूर्वी कधी पदरचा पैसा घालून खार बांधला तो शिलोत्रदार. बाहेरकाठ्याची डागडुजी त्यानं करायची आणि त्याबद्दल कसणाऱ्याकडून बिघ्यामागे भात घ्यायचं. कसणाऱ्याकडे आतले छोटे बांध. कागदावर चोख व्यवस्था. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी भात वसूल होत राहिलं आणि बांधावर घाम मात्र कुळांचा.

स्वातंत्र्यानंतर एकामागून एक कायदे आले. १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती (खोतानं गावाचा सारा कुळांकडून वसूल करायची पद्धत) नष्ट करणारा कायदा, आणि १९५५ मध्ये खास कुलाबा जिल्ह्यासाठी शिलोत्री हक्क नष्ट करणारा कायदा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कुळं जमिनीची मालक झाली. हे सगळं व्हायलाच हवं होतं, त्यात दुमत नाही. पण बघा, जमिनीचे तुकडे मोजून प्रत्येकाच्या नावे लागले. बाहेरकाठा कुणाच्या नावे? ज्याचा हक्क गेला तो बांध कशाला बघेल? तो मोकळा झाला.

१९४८ मध्ये मुंबई सरकारचा खारजमीन कायदा आला आणि मंडळ झालं, पुढे १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा. म्हणजे सरकारनं गावाकडून बांध हिसकावला नाही. मालक गेल्यामुळे बांध रिकामा पडला होता, तिथे सरकार आलं. आणि सगळे बांध सरकारकडे आलेही नाहीत. शासकीय योजनेतले वेगळे, खाजगी वेगळे. तुमचा कुठल्या यादीत आहे ते आधी बघा. कुठल्याच यादीत नसलेले बांधही मला माहीत आहेत.

मी_पेणकर

+१. आमचा बांध 'खाजगी' आहे हे आम्हाला तो फुटल्यावर कळलं.

आबा_चरीकडचे

मी ऐंशीच्या पुढचा. नातू टाइप करून देतो आहे, चुका त्याच्या.

खारा_वारा, तुम्ही जोळीचं कौतुक केलंत ते तुमच्या आजोबांच्या काळाला शोभतं. त्याआधीची जोळ माझ्या वडिलांनी पाहिली. बांध फुटला की खोताचा माणूस दारात. स्वतःच्या शेतात चिखल करायचा राहिला तरी आधी बांध. मजुरी नाही. वेठच ती. आणि खळ्यावरून भात उचलून नेल्यावर कुळाच्या घरात राहायचा तो कोंडा.

म्हणून तर संप झाला. २७ ऑक्टोबर १९३३, चरी गावी सभा. नारायण नागू पाटील पुढारी. पंचवीस गावांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. १९३९ पर्यंत कसली नाही. सहा वर्षं! जगात कुठे एवढा लांब शेतकऱ्यांचा संप झाला असेल तर दाखवा. डॉ. आंबेडकर चरीला येऊन गेले. त्यांनी १९३७ मध्ये विधिमंडळात खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं. त्याच साली 'कृषीवल' हे वर्तमानपत्र सुरू झालं.

माझा जन्म संपानंतरचा. आई सांगायची, त्या वर्षांत डोंगरातून लाकूडफाटा आणून विकायचा आणि त्यावर चूल. समोर हिरवीगार होऊ शकेल अशी जमीन पडीक आणि आपण उपाशी. पण फुटलं कुणी नाही. १९३९ च्या कुळकायद्यात कुळाला संरक्षण मिळालं, त्याची मुळं इथे आहेत.

माझा सवाल एवढाच. सहा वर्षं उपाशी राहून मिळवलेली जमीन आमच्या पोरांनी गुंठ्यावर विकली. याला सरकार काय करणार?

(नातू: आजोबा चिडलेत. विकणाऱ्यांत माझे बाबा आहेत.)

दर्याकिनारी

आबांना साष्टांग. नातवालाही.

पण आबा, पोरांनी तरी काय करायचं होतं? माझे वडील १९८५ च्या सुमारास थळच्या खत कारखान्यात लागले. मग नागोठण्याला पेट्रोकेमिकल आलं, डोलवीला पोलाद आलं. महिन्याच्या एक तारखेला पगार. खारातल्या भाताला वर्षातून एकदा पैसे, तेही उधाण मेहेरबान असेल तर. आई म्हणायची, "पगाराला खांड जात नाही."

आणि धागाकर्त्यानं ज्या रात्रीचं वर्णन केलंय ना, पाचसहा जण पळत आले, ते पाचसहा जण पुढे थर्ड शिफ्टला होते. कुकारा ऐकायला घरी म्हातारी माणसं आणि बायका. बायका जायच्याही. माझ्या आईनं आणि काकूनं मिळून दोनदा बीळ बुजवलंय. तिसऱ्यांदा जे गेलं ते बीळ नव्हतं, दहा हात बांध गेला. दोन बायका काय करणार? ते भात चार दिवसांत पिवळं पडलं. पुढच्या वर्षी पेरलं ते रुजलंच नाही, त्याच्या पुढच्या वर्षी पेरायची कुणी भाषाच काढली नाही.

एकाच्या शेतात पाणी शिरलं तर शेजाऱ्याचं वाचत नाही, खाराची हीच गोम आहे. वरकस (डोंगरउताराच्या) जमिनीत तुम्ही एकटे हट्टानं शेती करू शकता. खारात शंभरातल्या तीस जणांनी अंग काढलं की उरलेल्या सत्तरांची शेती संपली.

निवटी

शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावावा असा आहे.

तिवर_तिवर

तिवरांवर सगळ्यांचा राग दिसतोय म्हणून लिहितो. कांदळवनांवर काम करतो, खारेपाटात चिखल तुडवलेला आहे.

तिवर हा खारेपाटाचा शत्रू नव्हता. बाहेरकाठ्याच्या खाडीकडच्या अंगाला तिवरांची दाट पट्टी असायची. लाट आधी तिच्यात मरायची, बांधापर्यंत नुसतं पाणी पोचायचं. ती पट्टी सरपणासाठी तुटली, काही ठिकाणी भराव आणि जेट्ट्यांखाली गेली. मग लाट थेट बांधावर. बार्जच्या लाटांनी बांध खाल्ला हे खरं असेल, पण नागड्या बांधाला खाल्लं. आणि खांड गेल्यावर दिवसातून दोनदा खारं पाणी आत यायला लागलं की तिवराचं बी पाण्याबरोबर येणारच. त्यानं तुमची शेती हटवली नाही, मोकळी जागा दिसली तिथे वस्ती केली.

मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कांदळवनं तोडायला मनाई केली ती योग्यच आहे. २६ जुलैच्या पावसानंतर कोणाला वेगळं सांगायला नको. पण ज्या शेतकऱ्याच्या मालकीच्या जमिनीत, बांध वेळेवर न दुरुस्त झाल्यामुळे तिवर वाढलं, त्याची अडचण खरी आहे. तो तोडू शकत नाही, कसू शकत नाही. हे मी झाडाच्या बाजूचा माणूस असूनही म्हणतो.

खारा_वारा

@तिवर_तिवर, 'नागडा बांध' पटलं. आजोबांच्या वेळी बांधाबाहेरची तिवरं कुणी तोडली तर दंड होता, हे आत्याला विचारून खात्री केली. काय दंड? तर एक दिवस बांधावर काम.

@कूळकथा, तुमच्यामुळे माझं मूळ वाक्य मागे घेतो. निदान अर्धं. बांध सरकारचा झाला म्हणून नाही, बांध कुणाचाच नव्हता म्हणून. आजोबांच्या पिढीनं मधली वीसपंचवीस वर्षं तो नुसत्या सवयीवर सांभाळला. खोताच्या धाकानं लागलेली सवय, पण नव्या मालकीच्या उत्साहात सांभाळलेली. ती पिढी गेली आणि सवयही गेली.

मांडवीकाठ

गोव्यातून. तुमचा खारेपाट म्हणजे आमची खाजन शेती, आणि तुमची उघाडी म्हणजे आमची मानस. कथा इतकी जुळते की वाचताना अंगावर काटा आला.

आमच्याकडे बांध गावकारीचा, पोर्तुगीज अमदानीपासून ज्याला कोमुनिदाद म्हणतात त्या संस्थेचा. शेतं लिलावानं कसायला द्यायची, त्यातून बांधाचा खर्च. मानशीवर ओहोटीला जाळं लावून मासे धरायचा हक्कही लिलावात. १९६४ चा कुळकायदा आला, कुळांना संरक्षण मिळालं, कोमुनिदादीचा हात सुटला. बांधासाठी कुळांच्या संघटना केल्या. काही चांगल्या चालल्या, बऱ्याच कागदावर.

पण आमच्याकडे आणखी एक भानगड झाली. मानशीतल्या मासळीला भातापेक्षा जास्त पैसे यायला लागले. मासळीवाल्याला आत खारं पाणी हवं, शेतकऱ्याला नको. दार एकच. मग रात्री दार कोण उघडं ठेवतं यावर भांडणं. तुमच्याकडे असं झालं का?

मी_पेणकर

झालं नाही तर! फक्त आमच्याकडे भांडायला दुसरी बाजूच उरली नव्हती.

अवांतर: २००६ नंतरचा सेझ (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन घ्यायचा प्रकल्प) कुणी काढला नाही अजून. पेणच्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी सप्टेंबर २००८ मध्ये मतदान केलं, जमीन द्यायची की नाही यावर. शेकापचे नेते एन. डी. पाटील सरांच्या सभा आठवतात. लोक जमिनीसाठी उन्हात उभे राहिले. सेझ झाला नाही. मग त्याच लोकांनी दहा वर्षांत तीच जमीन एकेक करून विकली, हेही माझ्या डोळ्यांदेखत. अटल सेतू झाल्यावर तर काय विचारता, आमच्या चहावाल्याकडेही प्लॉटची कार्डं असतात.

सामूहिक लढता येतं हो आम्हाला. सामूहिक चिखल कालवता येत नाही.

बियाणेवाला

कुणीतरी भाताबद्दलही बोला की राव. खारात कुठलंही भात येत नाही. आमच्याकडे राता असायचा, काळा राता आणि भुरा राता. तांदूळ तांबूस, भाकरी अशी की दोन दिवस मऊ. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं या जातींवर काम केलं, पुढे पनवेल-१, २, ३ या सुधारित जाती काढल्या. लावणीऐवजी मोड आणलेलं बी चिखलात फेकायचं, त्याला रहू म्हणतात.

पण बांध फुटून पाच वर्षं शेत खारं राहिलं तर घरचं बी संपतं. राता बाजारात सहज मिळत नाही. मग बांध दुरुस्त झाला तरी लोक साधं भात पेरतात, ते मिठानं जळतं, आणि म्हणतात आता जमीनच गेली. जमीन जात नाही हो. पाऊस तिला धुतो. बी जातं.

सायली_ठाणे

बियाणेवाला, हे तांबूस तांदूळ आता कुठेच मिळत नाहीत का?

बियाणेवाला

माझ्याकडे एक पिंप आहे. विकायला नाही, सांगून ठेवतो.

खाडीपलीकडचा

सगळे रडताय म्हणून वेगळं सांगतो. आमचा खार अजून कोरडा आहे. सोळा घरं मिळून बांध बघतो. दर उधाणाला दोघांची पाळी, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे, नाव 'बांध'. गेल्या पावसात दोनदा गळती लागली, दोन्ही वेळा रात्रीच बुजवली. जेसीबीवाला आमच्यातलाच आहे, डिझेलचे पैसे काढतो.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. भात फक्त चार घरं करतात. बाकीच्यांची जिताड्याची तळी आहेत. पाहुणे येतात, हॉटेलवाले येतात, जिताड्याला भाव आहे. उधाणाचं पाणी तळ्यावरून गेलं तर वर्षभर वाढवलेला मासा एका रात्रीत खाडीत. म्हणून सगळे बांधावर येतात. भातासाठी आले नसते, खरं सांगतो. मीही आलो नसतो.

कूळकथा

या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद. बांध कुणाच्या नावे आहे, तुमच्या?

खाडीपलीकडचा

कुणाच्याच नाही.

आबा_चरीकडचे

सोळा घरांना माझा नमस्कार कळवा. चार भातवाल्यांना दोनदा.

खारा_वारा

@खाडीपलीकडचा, बघायला येऊ का? आत्याला विचारलं, ती उघाडीची फळी द्यायला तयार आहे. बदल्यात तिला कपडे धुवायचा दगड हवा.

खाडीपलीकडचा

या की. फळी झिजलेली असली तरी चालेल, आमच्या सुताराला माप घ्यायचंय. आता सिमेंटच्या चौकटीत लोखंडी दार आहे, ते दोन वर्षांत गंजून जाम होतं. अमावास्येला या, तेव्हा माझी पाळी आहे.

खारा_वारा

फावडं आणू का?

खाडीपलीकडचा

फावडी आहेत. जुनी पँट आणा. आणि बियाणेवाल्याला पटवून त्या पिंपातलं पायलीभर आणता आलं तर बघा, चार घरांचं पाचवं होईल.

बियाणेवाला

वाचतोय. पायली नाही, शेर देईन. आधी बांध बघून या, मग बोलू.